संत्र्याचा अंगरखा : काटोल ते वरूड

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले की शहराची धूळ मागे पडायला तासभर पुरतो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. बांधाबांधावर पळस पेटला होता आणि त्याच्या केशरी रंगाशी पैज लावावी तशी दोन्ही अंगांना संत्र्याची झाडे लगडलेली होती. मृग बहाराची तोडणी सुरू होती. कुठे झाडाखाली कडब्यावर ओतलेले ढीग, कुठे प्लास्टिकच्या कॅरेटांच्या उतरंडी, कुठे मालमोटारीत गवत अंथरून फळ भरण्याची घाई. एस.टी.च्या खिडकीतून सालीचा तो कडवट-गोड वास सारखा आत येत होता.

पश्चिमेकडच्या आमच्या वाचकांना द्राक्षाची छाटणी आणि उसाची लागण तोंडपाठ असते, पण संत्र्याचा हा मुलूख बहुतेकांनी फळाच्या गाडीवरच पाहिलेला असतो. मी मात्र संत्री खायला निघालो नव्हतो. (तीही खाल्ली, खोटे कशाला बोला!) तोडलेल्या फळावर वनस्पतीच्या मेणाचा पातळ लेप देऊन ते शीतगृहात महिना-दीड महिना ताजे ठेवतात, असे बरेच दिवस ऐकत होतो. हा लेप असतो तरी कशाचा, तो पोटात गेला तर चालतो का, आणि मुख्य म्हणजे त्याचा फायदा बागवाल्याच्या घरात येतो की वाटेतच कुठे अडतो, एवढे पाहून यावे म्हणून हा प्रवास.

नागपुरी संत्रे हे मूळचे इथले नव्हे. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ते औरंगाबादेहून आणून आपल्या नागपूरच्या बागेत लावले, असे इकडे सांगतात. पुढे जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलमे होऊ लागली आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सारा पट्टा केशरी झाला. २०१४ साली या फळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढी कीर्ती, पण फळ मोठे नाजूक. साल फोडींपासून सुटी असते. सोलायला सोपे म्हणून आपल्याला ते आवडते, आणि नेमके तेच वाटेत त्याच्या मुळावर येते. मोसंबीची साल अंगाला घट्ट, ती धक्के सोसते. संत्र्याची साल म्हणजे सैल सदरा. दाबली की तेलाच्या पिंडिका फुटतात, वारा लागला की आकसते, ओरखडा उठला की त्यातून हिरवी बुरशी आत शिरते.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आंबा, केळी, चिकू ही फळे तोडल्यावरही पिकत राहतात, गोड होतात. संत्र्याचे तसे नाही. झाडावरून उतरले त्या दिवशी जेवढी गोडी असेल तेवढीच. त्यापुढे फक्त उतार. म्हणून आंब्याला लेप दिला तर हेतू असतो पिकणे लांबवण्याचा, आणि संत्र्याला दिला तर हेतू असतो पाणी राखण्याचा. तोडलेले फळ श्वास घेतच असते आणि सालीच्या बारीक छिद्रांतून त्याचे पाणी उडत असते. शंभर किलो फळातले पाच-सहा किलो पाणी असे उडाले, की सालीवर सुरकुत्या दिसू लागतात आणि गिऱ्हाईक हात मागे घेते. पाच-सहा किलो वजन गेले आणि भावही गेला, असा दुहेरी मार.

काटोलच्या अलीकडे एका बागेत माझा मुक्काम होता. यजमान पन्नाशीचे, पाच एकर संत्रा, दोन विहिरी, त्यातली एक उन्हाळ्यात नावालाच. घरात आजी, काकू, शिकणारी दोन मुले. चहाबरोबर काकूंनी सोललेल्या संत्र्यांची परातच पुढे ठेवली. बोलता बोलता मी भावाचा विषय काढला, तर काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "काय सांगू भाऊ, झाडावर हाये तोवर संत्रा आपला. तोडला का त्याचा मालक दुसराच."

इकडे बाग उक्ती विकण्याची रीत जुनी आहे. फळ हिरवे असतानाच व्यापारी बागेतून फेरी मारतो, झाडे नजरेने मोजतो आणि एक आकडा सांगतो. काही रक्कम हातावर ठेवतो. तोडणी त्याची, मजूर त्याचे, गाडी त्याची. बागवाल्याला कटकट नाही, हा तिचा गुण. आणि गारपीट झाली, भाव पडला किंवा फळगळ झाली की व्यापारी उरलेली रक्कम द्यायला खळखळ करतो, कधी येतच नाही, हा तिचा अवगुण. स्वतः तोडून बाजारात न्यावे, तर सगळ्यांचे फळ एकाच पंधरवड्यात येते. कळमन्याच्या बाजारात त्या दिवसांत गाड्यांची रांग लागते. फळ घरी आणून ठेवण्याची सोय नाही, कारण आठ-दहा दिवसांत ते सुकते. तेव्हा मिळेल तो भाव घ्यायचा.

त्यात भर पडली ती सरहद्दीपलीकडून. इथल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ पासून संत्र्यावरचे आयातशुल्क चढवत नेले, आणि २०२३ साली ते किलोमागे ८८ रुपयांवर गेले. एवढा कर भरून तिकडे फळ पाठवायचे तर तिथल्या माणसाने ते खायचे कसे? त्या हंगामात जो माल बाहेर जायचा तो इथेच तुंबला आणि भाव कोसळले. काकांनी त्या वर्षी बागेचा एक भाग तोडलाच नाही. तोडणीची मजुरी निघेना. "खाली पडून सडला," एवढेच ते म्हणाले, आणि काकूंनी परात आत नेली.

तेव्हा फळ महिनाभर धरून ठेवता येणे ही काही शहरी चैन नव्हे, हे लक्षात यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तोडणी पाहायला जाऊ म्हटले तर काका हसले. "दव सुकू द्या जी." पहाटे साल पाण्याने टंच असते. त्या वेळी हाताळले की तेलाच्या पिंडिका फुटतात आणि तेच तेल सालीला भाजते. दोन दिवसांनी तपकिरी डाग उमटतात. म्हणून ऊन चढल्यावर, झाड कोरडे झाल्यावर तोडणी. तीही ओढून नव्हे. फळ पिळून ओढले की देठापाशी सालीचा टवका निघतो, आणि त्या भोकातून सड आत जाते. छोट्या कात्रीने देठ फळालगत कापायचा, देठाची चकती मात्र फळावरच ठेवायची. देठ लांब राहिला तर तो कॅरेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. हे सगळे काकांना ठाऊक होते, पण व्यापाऱ्याच्या मजुरांना कोण सांगणार? त्यांना डागाचे सोयरसुतक नाही, त्यांची मजुरी कॅरेटवर. या वेळी मात्र काकांनी बागेचा एक तुकडा उक्ता न देता स्वतःकडे ठेवला होता. कात्र्या दोन, माणसे सहा. कात्रीसाठी पाळी लागत होती. ते फळ घेऊन आम्ही दुपारी प्रतवारीच्या केंद्रावर निघालो.

केंद्र म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला फळ ओततात आणि दुसऱ्या टोकाला ते पेटीत पडते. आधी क्लोरिन मिसळलेल्या पाण्याचा हौद, मग फिरत्या कुंचल्यांची रांग. धूळ, किडीची घाण, फवारणीचे पांढरे डाग इथे निघतात. त्यानंतर दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया डागी फळ झपाझप बाजूला काढतात. काय त्यांची नजर! पट्टा थांबत नाही आणि हातही थांबत नाही. शेवटच्या काही वर्षांत अशा शेडमध्ये कॅमेऱ्याने प्रतवारी करणारी यंत्रेही आली आहेत, परंतु देठापाशी दबलेला मऊ डाग बाईच्या अंगठ्याला जसा कळतो तसा यंत्राला कळतो असे मला वाटले नाही.

इथेच लेपाचे खरे कारण उमगते. निसर्गाने प्रत्येक फळाला स्वतःचे मेण दिलेले आहे. द्राक्षावरची लव, जांभळावरची धुरकट साय, सफरचंदाची चमक ही सारी तीच मंडळी. फळ धुऊन घासले की हे घरचे मेण बरेचसे जाते, आणि धुतलेले फळ न धुतलेल्यापेक्षा लवकर सुकते. म्हणजे स्वच्छ करायचे तर त्याचा अंगरखा काढावा लागतो, आणि अंगरखा काढला तर दुसरा घालावा लागतो. आपल्या घरी दुसरे काय करतो आपण? तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवतो, लोणच्यावर चार बोटे तेल ठेवतो. हवा आणि जिन्नस यांच्यामध्ये एक पातळ पडदा, एवढेच त्यातले शास्त्र. चीनमध्ये लिंबूवर्गीय फळांना मेण लावून दूरदेशी पाठवण्याची रीत बाराव्या-तेराव्या शतकापासूनची सांगतात, तेव्हा ही काही कालची युक्ती नाही.

वाळवलेले फळ मग फिरत्या मऊ कुंचल्यांवर येते आणि वरच्या तोट्यांतून दुधासारखा पातळ द्रव त्यावर फवारला जातो. एक टन फळाला साधारण एक लिटर! मला वाटले होते फळे मेणाच्या कढईत बुडवत असतील. एका फळाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन थेंब येतात, आणि त्यातही बरेचसे पाणी. कुंचला ते सारखे पसरवतो, मग ऊन हवेच्या बोगद्यातून फळ जाते, पाणी उडून जाते आणि मेणाची झिरझिरीत पापुद्रीएवढी झिलई मागे उरते.

हे मेण येते तरी कुठून? डब्यावर कार्नोबा असे नाव होते. हा ताडाच्या जातीचा एक वृक्ष, ब्राझील देशाच्या ईशान्य कोपऱ्यात सिआरा, पिआवी आणि रियो ग्रांदे दो नोर्ते या प्रांतांत वाढतो. तो मुलूख म्हणजे त्यांचे मराठवाडाच समजा. पाऊस थोडा, ऊन फार, दुष्काळ पाचवीला पुजलेला. तसल्या उन्हात पानातले पाणी उडू नये म्हणून हे झाड आपल्या पंख्यासारख्या पानांवर मेणाची भुकटी धरते. तिकडचे शेतमजूर कोरड्या हंगामात लांब बांबूला कोयता बांधून पाने उतरवतात, गाढवांवर लादून आणतात, उन्हात पसरून वाळवतात. वाळली की मेण भुकटीसारखे सुटते. ती भुकटी झोडपून किंवा यंत्रात घालून वेगळी करतात आणि पाण्याबरोबर शिजवून, दाबून, गाळून तिची ढेप करतात. न उमललेल्या कोवळ्या पानांचे मेण पिवळे आणि सर्वांत महाग, जुन्या पानांचे काळपट. मधमाशीचे मेण पासष्ट अंशाच्या आत वितळते, हे ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकाव धरते. वनस्पतीच्या मेणांत याच्याइतके कठीण मेण विरळाच. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून साबणासारख्या पदार्थाच्या साहाय्याने त्याचे बारीक कण पाण्यात तरंगते ठेवतात. तेच ते दुधाळ द्रव.

एका कोरडवाहू मुलखातल्या झाडाने स्वतःचे पाणी राखायला केलेली तजवीज, आणि तीच दुसऱ्या कोरड्या मुलखातल्या फळाचे पाणी राखते आहे. मला हे फार आवडले. आवडले नाही ते पुढचे. या पानांच्या तोडणीवर राबणाऱ्या मजुरांचे हाल फार. पिण्याच्या चांगल्या पाण्याची सोय नाही, उघड्यावर निजायचे. ब्राझील सरकारच्या तपासनिसांनी अशा माणसांची वेठबिगारीसारख्या स्थितीतून वेळोवेळी सुटका केली, आणि २०१७ मध्ये जर्मनीतल्या दूरचित्रवाणीने ते चित्र दाखवल्यावर तिकडच्या गोळ्या-चॉकलेटवाल्यांना जाब द्यावा लागला, कारण गोळ्यांची चमकही याच मेणाची. आपल्या संत्र्याच्या तोडणीवरच्या मजुराला कात्री मिळत नाही, त्यांच्या मजुराला पाणी. शेतमालाच्या चमकेखाली काय काय असते ते पाहायला हवे.

सायंकाळी ओट्यावर हा सारा वृत्तान्त सांगत होतो, तर आजींनी मध्येच विचारले, "मेन लावलेला संत्रा उपासाले चालते का गा?" प्रश्न साधा, पण नेमका. कार्नोबाचे मेण झाडाच्या पानाचे, तेव्हा त्याला हरकत कसली? पण आपल्या देशात ताज्या फळाला तीन मेणे लावण्याची कायद्याने मुभा आहे. कार्नोबा, मधमाशीचे मेण आणि लाख. लाख झाडाची नव्हे, झाडावर राहणाऱ्या किड्याची. याच पळसावर, बोरीवर, कुसुमावर लाखेचा किडा पोसतात आणि फांदीवरचे त्याचे कवच खरवडून चपडा लाख करतात. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांना कळले पाहिजे म्हणून कोणते मेण लावले हे वेष्टनावर नावानिशी लिहिण्याचा नियम आहे. बाजारात सुट्या फळावर कोण काय लिहितो, हा भाग निराळा! आजींचे समाधान एवढ्याने झाले नाही. "आमच्या झाडाचा हाये, तोच बरा," असा त्यांनी निकाल दिला.

एका गोष्टीची खोलात चौकशी केली, ती घरच्या बायकांसाठी सांगतो. मेण खाण्याजोगे असते हे खरे. ते पोटात पचत नाही, आले तसे जाते. परंतु दूरच्या बाजारासाठी जे फळ जाते त्याच्या लेपात किंवा धुण्याच्या पाण्यात पुष्कळदा बुरशीनाशक मिसळतात. लेप खाण्याजोगा म्हणून ते औषधही खाण्याजोगे होत नाही. आपण साल सोलतो म्हणून संत्र्याच्या बाबतीत भय कमी. मात्र सालीचा मुरंबा, सालीची पूड, न्हाणासाठी उटणे करायचे असेल तर ते झिलईदार फळ नको. बिनलेपाचे, ओळखीच्या बागेतले घ्यावे. आणि कोणी हौसेने मेणबत्ती वितळवून फळाला लावू नये. ते खनिज तेलाचे मेण, त्याला कायद्याने मनाई आहे.

लेपाच्या जाडीचाही एक तोल आहे. पातळ झाला तर पाणी उडते. जाड झाला तर फळाचा श्वास कोंडतो आणि आतल्या आत आंबून त्याला दारूसारखा वास येतो. संत्र्याचे हे फार लवकर होते, मोसंबीपेक्षाही लवकर. त्यात लेप दिलेले फळ उन्हात तापलेल्या मालमोटारीत ताडपत्रीखाली दोन दिवस राहिले तर पाहायलाच नको. उष्ण जागी फळ जोराने श्वास घेते आणि लेपाने तर नाक धरलेले. म्हणून लेप आणि थंडी ही जोडी आहे. एकटा लेप म्हणजे अर्धे काम, आणि पुष्कळ ठिकाणी हे अर्धेच काम होते.

शेडला लागूनच शीतगृह होते. दार उघडले तसा गार, ओलसर वारा अंगावर आला. काकांनी तिथल्या तंत्रज्ञाला विचारले, "जास्त थंडी देली तं जास्त टिकन ना जी?" आपल्यालाही तसेच वाटते. पण संत्रे सफरचंद नव्हे. सफरचंद शून्य अंशाजवळ महिनोन् महिने राहते. संत्र्याला त्या थंडीत सालीवर खड्डे आणि तपकिरी चट्टे पडतात. त्याला सहा-सात अंश पुरे, आणि हवेत ओलावा मात्र नव्वद-पंचाण्णव टक्के हवा. या बेताने नागपुरी संत्रे पंचेचाळीस दिवस राहते. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळसंशोधन संस्थेत या विषयावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. तोडल्यावर आधी थंड हवेचा झोत देऊन फळातली बागेची ऊब काढायची आणि मगच आत ठेवायचे. पेटीला भोके हवीत, भिंतीला चिकटवून थप्पी लावायची नाही, आणि बाहेर काढताना एकदम उन्हात न्यायचे नाही, नाहीतर फळाला घाम फुटतो आणि त्या ओलीवर बुरशी येते.

पंचेचाळीस दिवस म्हणजे काय, याचा हिशेब काकांनी बोटांवर केला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवलेले फळ एप्रिलच्या मध्यावर. तोवर बागा रिकाम्या झालेल्या, ऊन तापलेले, रसाला मागणी. भाडे, हमाली आणि लेपाचा खर्च मांडला. बराच वेळ गप्प राहून त्यांनी चाळीस कॅरेट ठेवायचे ठरवले. डागी एकही नको म्हणून पुन्हा स्वतः एकेक फळ फिरवून पाहिले. सहा कॅरेट त्यांनी स्वतःच बाजूला काढले.

तिसऱ्या दिवशी नरखेडला येऊन मी अमरावतीकडची गाडी धरली. मध्ये वर्धा नदी लागते, फेब्रुवारीतच तिचे पात्र वाळूने भरलेले. पुढच्या एका स्टेशनवर पाटी दिसली : वरूड ऑरेंज सिटी. रेल्वेनेच गावाला संत्र्याचे नाव लावले आहे! उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, पायथ्याशी बागाच बागा. पण वरूड-मोर्शीचे दुखणे जमिनीखाली आहे. इथल्या भूजलाचा उपसा भरणापेक्षा जास्त झाल्याची सरकारी नोंद आहे. बोअर खोल खोल गेले आणि खोलवर जाऊन आटले. उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून झाडे जगवणारी माणसे मला इथे भेटली. अशा पाण्यावर पोसलेल्या फळातले पाणी बाजाराच्या वाटेवर उडून जाते, तेव्हा कशाकशाचा खर्च हवेत जातो ते ज्याचे त्याला ठाऊक.

वरूडला मोठमोठ्या लेपयंत्रांच्या शेड आहेत. व्यापाऱ्यांच्या आहेत, सहकारी आहेत, पणन मंडळानेही या पट्ट्यात सोयी उभारल्या आहेत. एका शेडमध्ये फळ झळाळून निघत होते. मी ते हातात घेऊन पाहत बाहेर आलो, तर तेच फळ भर दुपारी उघड्या मालमोटारीत भरले जात होते. गाडी कुठे? कोलकात्याला. थंड पेटीची गाडी का नाही? भाडे परवडत नाही. मग लेप कशाला? "चमक आली का भाव चढते ना भाऊ." म्हणजे अंगरखा अंगासाठी नव्हे, बाजारात दिसण्यासाठी. माझ्या मते या पट्ट्यात आणखी लेपयंत्रे उभारण्यापेक्षा आधी शीतगृहे आणि थंड गाड्या वाढवाव्यात, आणि शीतगृहात लहान बागवाल्याचे वीस-चाळीस कॅरेट घेण्याची सक्ती असावी. नाहीतर जागा आधीच भरलेली असते, आणि ती कोणी भरली ते विचारू नये.

ज्यांना शीतगृह लांब आहे त्यांच्यासाठी एक सोय सांगून ठेवतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने पूर्वी विटा-वाळूचा एक थंड हौद तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये चार बोटे वाळू, सावलीत बांधायचा, वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, वर ओले तरट. वीज लागत नाही. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात असा हौद बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ गार राहतो आणि आत ओलावाही टिकतो. संत्री, लिंबे, भाजी घरच्यापुरती आणि आठवडी बाजारापुरती त्यात चांगली राहते.

निघताना काकांनी मला दहा फळे बांधून दिली होती, पाच लेपाची, पाच बिनलेपाची. घरी ती टोपलीत उघडीच ठेवली. बिनलेपाची आठव्या-नवव्या दिवशी मऊ पडून सुरकुतली. लेपाची चार पंधरा दिवसांनीही भरलेली होती, चवीला मात्र तिसऱ्या आठवड्यात थोडी शिळी लागली. पाचवे लेपाचे फळ सर्वांआधी, सहाव्याच दिवशी सडले. सामानात त्याला कुलपाचा कोपरा लागला होता.

एप्रिलच्या अखेरीस काकांचा फोन आला. चौतीस कॅरेटांपैकी दोन खराब निघाले, बाकीचे विकले. भाडे-हमाली वजा जाता उक्त्या भावापेक्षा कॅरेटमागे चांगले जास्त सुटले, पण शीतगृहात दोनदा वीज गेली तेव्हा रात्री झोप नव्हती, असे म्हणाले. या पावसाळ्यात विहिरीने साथ दिली आणि मृग फुटला तर निम्मी बाग स्वतः तोडणार आहेत. नागपूरला येणे झालेच तर चार कात्र्या घेऊन या, म्हणून सांगितले आहे. बोथट टोकाच्या.